समोरच्याच्या मणक्यातली गादी

क्लेमेन्सने आपल्या कमरेची फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवली आणि समोर राहणाऱ्या देर्क वेसेलिंकचं सुख संपलं.

एमआरआयची फिल्म ती. मागून उजेड आला की मणक्यांची उतरंड दिसायची, दर दोन मणक्यांमधली गादी दिसायची, आणि तळाजवळची एक गादी मागच्या बाजूने फुटून पायाकडे जाणाऱ्या शिरेवर बसलेली दिसायची. जॅम भरलेला पाव दाबला की एका बाजूने जॅम बाहेर येतो, तसं. ही उपमा क्लेमेन्सची. कॉफीला आलेल्या प्रत्येकाला तो लाकडी डावाच्या दांड्याने ती जागा दाखवायचा, आणि दाखवताना चर्चमध्ये आणतात तसा आवाज खाली आणायचा. बायका म्हणायच्या, बिचारा. पुरुष आपापल्या कमरेला हात लावून बघायचे.

"डॉक्टर म्हणाले, विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखी आहे," तो देर्कला म्हणाला.

"छान आहे," देर्क म्हणाला, आणि रस्ता ओलांडून आपल्या पायरीवर बराच वेळ उभा राहिला.

आमचा रस्ता एक आणि देश दोन. आमच्या रांगेतली घरं हॉलंडात, समोरची जर्मनीत. बोली दोन्हीकडे तीच, सोयरिकी इकडून तिकडे झालेल्या, बिअर तिकडे स्वस्त म्हणून सगळे तिकडची पितात. फरक कळतो तो आजारपणात. समोरच्या रांगेतल्या माणसाची पाठ धरली की तो थेट हाडांच्या डॉक्टरकडे जातो. लगेच फिल्म निघते, मग कमरेत सुई, आणि शेवटी विमावाले त्याला गरम चिखलाच्या अंघोळी घालणाऱ्या गावी आरोग्यगृहात पाठवून देतात. आमच्या रांगेतल्या माणसाची पाठ धरली की तो आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जातो. त्या सांगतात, पॅरासिटामॉल घ्या, झोपून राहू नका, चालत राहा. दोन्ही रांगांतली माणसं शेवटी साधारण सारख्याच वेळात बरी होतात असं मी वाचलं आहे. पण हे वाक्य मी रस्त्यावर कधी उच्चारलेलं नाही, कारण मला अजून इथे राहायचं आहे.

मी देर्कचा शेजारी, भिंतीला भिंत. जन्मभर शाळेत जर्मन शिकवलं, त्यामुळे निवृत्त झालो तरी दोन्ही रांगांत मास्तरच. देर्क छप्पन्न वर्षांचा. रस्त्यांना विटा बसवतो. गुडघ्यांवर बसून, कमरेत वाकून, एक वीट आडवी एक तिरपी, माशाच्या काट्यासारखी नक्षी. आसपासच्या चार गावांत आपण चालतो ते देर्कच्या पाठीवरून चालतो म्हणायला हरकत नाही. क्लेमेन्सने आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला. बायको जाऊन चार-पाच वर्षं झाली. एकटाच असतो.

आता, आमच्याकडे समोरचं घर म्हणजे पहिला शेजारी. हे नातं निवडून मिळत नाही आणि सोडताही येत नाही. मूल झालं तर पहिल्या शेजाऱ्याने मनुकांचा लांबलचक पाव घेऊन जायचं, गाय अडली तर रात्री उठायचं, कोणी गेलं तर शवपेटीला खांदा द्यायचा. क्लेमेन्सचा पहिला शेजारी देर्क. आणि क्लेमेन्सला गादी फुटल्यापासून वाकता येत नव्हतं, म्हणजे मोजे घालता येत नव्हते. मोजे घालून द्यावेत असं कुठल्याही रिवाजात नाही. पण देर्कची बायको विलेमीन हिने रिवाज जरा ताणला आणि रोज सकाळी मोजे घालायला समोर जाऊ लागली. जाताना वाटाण्याचं सूपही न्यायची. कारण ज्याला वाकता येत नाही त्याला खालच्या कपाटातलं पातेलंही काढता येत नाही, असा तिचा युक्तिवाद होता, आणि तो चुकीचा नव्हता.

आमच्या रांगेत खिडक्यांना पडदे ओढायची पद्धत नाही. लपवण्यासारखं काही नाही, हे लोकांना दिसलं पाहिजे. समोरच्या रांगेत खिडक्यांवर पट्ट्यांचे शटर, आणि ते सकाळी उशिरापर्यंत खाली. त्यामुळे रोज सकाळी असा देखावा असायचा: विलेमीन रस्ता ओलांडून शटरमागे नाहीशी व्हायची, आणि देर्क आपल्या उघड्या खिडकीत कॉफीचा मग घेऊन शटरच्या पट्ट्या बघत उभा राहायचा. तो काय बघतोय ते त्याला दिसत नव्हतं. तो बघतोय हे मात्र सगळ्या रस्त्याला दिसत होतं.

रस्त्याने काय अर्थ काढायचा तो काढला. समोरचा आलॉइस, जो बोलतो फार आणि ऐकतो त्याहून जास्त, मला म्हणाला, "मास्तर, मोजे घालायला इतका वेळ लागतो होय? त्याला पाय किती आहेत?" मीही तेच समजत होतो. पण एकदा कुंपणापाशी देर्क आपणहून बोलला, आणि देर्कने आपणहून बोलणं म्हणजे मोठीच गोष्ट.

"तिला तो आवडत नाही, मास्तर," तो म्हणाला. "तिला त्याची गादी आवडते."

मग म्हणाला, "माझी कोणी बघितलेली नाही."

अशा तऱ्हेने मला कळलं की देर्कची पाठ दोन वर्षं दुखते आहे. कमरेच्या मधोमध, खोल, दातात ठणकतं तसं. बसलं की वाढतं. गाडी चालवताना तर इतकं, की कामावर जाताना तो पेट्रोल पंपावर थांबून पंपाभोवती फेऱ्या मारायचा. पंपावरची मुलगी त्याला हवा भरायची आहे का म्हणून रोज विचारायची. शिंक येतेय असं वाटलं की आधी काहीतरी घट्ट धरायचा. चाललं की बरं वाटायचं, वाकलं की नाही, आणि त्याचं काम सगळं वाकायचं. सकाळचा पहिला तास सगळ्यात वाईट. मोजे तो न्हाणीघरात दार लावून, फरशीवर उताणा पडून, पाय वर हवेत धरून घालायचा. विलेमीनला वाटायचं, ह्या वयात पुरुषांना न्हाणीघरात वेळ लागतोच.

"आणि तू बायकोला बोलला नाहीस?"

"बोललो होतो. पाठ जरा अवघडलीये म्हणालो."

"डॉक्टरांना?"

"त्यांना पण."

डॉक्टर फेरमात समुद्राकडच्या मोठ्या शहरातून आमच्याकडे आलेल्या. हुशार, तरुण आणि घाईत. त्यांनी देर्कला विचारलं होतं, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तितकं भयंकर, तर तुमचं किती? देर्कने विचार करून चार सांगितले. काम जमतं का? जमतं. झोप? लागते. त्यांनी त्याला पलंगावर झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला. पाय सहज वर गेला. क्लेमेन्सचा पाय तिकडच्या डॉक्टरांनी फूटभर उचलला तेव्हा त्याची किंकाळी, म्हणे, वेटिंग रूममध्ये ऐकू गेली होती. देर्कने किंकाळी मारली नाही, कारण मारण्यासारखं काही झालं नाही. बाईंनी पॅरासिटामॉल, व्यायाम शिकवणाऱ्याचा पत्ता आणि "चालत राहा" एवढं दिलं. कागदावर पाहिलं तर चूक काहीच नव्हतं.

मी विचारलं, मग तुला आता काय पाहिजे? तो म्हणाला, फिल्म.

मला हे जरा गमतीचं वाटलं होतं. नंतर वाटलं नाही. ह्या माणसाला बरं व्हायचं होतं असं मी धरून चाललो होतो. त्याला आधी खरं ठरायचं होतं. क्लेमेन्सचं दुखणं चौकट करून खिडकीत लावलेलं, आणि ह्याचं न्हाणीघराच्या फरशीवर.

तर मी त्याला माझ्या गाडीतून सरहद्दीपलीकडच्या शहरात घेऊन गेलो. तिथे खिशातून भरले की डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून फिल्म काढून देतात. विलेमीनला सांगितलं, नव्या विटा बघायला जातोय. देर्कला बसवत नव्हतं म्हणून तो मागच्या सीटवर आडवा झाला आणि पाय दाराच्या काचेला टेकवले. मी पुढे एकटा. वाटेत आलॉइस दिसला. त्याने हात केला आणि मग काचेतले बूट पाहिले. त्यावर मी काही खुलासा करू शकलो नाही.

त्या यंत्राच्या नळकांड्यात देर्क आनंदाने गेला. इतक्या आनंदाने तिथे कोणी जात नसावं. बाहेर आल्यावर फिल्म वाचणारे डॉक्टर समोर बसले आणि त्यांनी नीट, सभ्यपणे सगळं सांगितलं: तळाच्या दोन गाद्या वाळल्या आहेत, त्यांतल्या एकीच्या मागच्या कडेला बारीकशी चीर दिसते, शीर कुठेही दबलेली नाही. आणि शेवटी म्हणाले, "एकूण वयाला साजेसं."

देर्कने पहिलं सगळं सोडलं आणि तेवढंच घेतलं. येताना तो मागे आडवा पडून छताकडे बघत होता.

"अरे, चांगलंच झालं की," मी म्हणालो. "गंभीर काही नाही."

"तुमच्या दृष्टीने चांगलं."

घराजवळ आल्यावर म्हणाला, "वयाला साजेसं. माझ्या बाबांच्या कोटाबद्दल शिंपी असं म्हणायचा."

फिल्म त्याने गाडीतच ठेवली. खिडकीत लावण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

इकडे क्लेमेन्सची चिखलाच्या गावाची मंजुरी आली. विलेमीनने त्याची बॅग भरून दिली, मोजे सगळ्यात वर ठेवले. तो तीन आठवडे गेला, आणि देर्कला वाटलं, आता रस्ता शांत होईल. पण तो परतायच्या आधी विलेमीनने प्रस्ताव मांडला की त्याच्या दाराला कमान बांधू या.

कमान आमच्याकडे लग्नाला बांधतात, लग्नाला पंचवीस वर्षं झाली की बांधतात, पन्नास झाली की बांधतात. फरच्या फांद्यांची, आणि तिच्यात शेकडो कागदी गुलाब. मणक्यातल्या गादीसाठी कमान बांधल्याचं दोन्ही देशांच्या इतिहासात नाही. पण विलेमीन म्हणाली, त्याच्या घरी दार उघडायलाही कोणी नाही, आणि ह्या वाक्यापुढे कोणाचं काही चाललं नाही. गुलाब करायला सगळे माझ्या गॅरेजात जमले. रीक नावाची आमची ऐंशीच्या पुढची म्हातारी टेबलाच्या टोकाला. गुलाबांच्या बाबतीत तिचा शब्द अखेरचा. क्रेप कागदाची पट्टी बोटाभोवती गुंडाळायची, कडा चुण्या करून पसरायची, खाली तारेने आवळायची. नीट झाला नाही तर रीक तो न बोलता उसकटून परत देते. आधी कॉफी आणि माणशी एक बिस्किट, मग बिअर. सगळी संध्याकाळ बसून करायचं काम.

बसून.

देर्क पहिल्या शेजाऱ्याचा मान म्हणून टेबलाच्या मध्यावर. ज्या माणसाच्या दुखण्यावर तो जळत होता त्याच्यासाठी, जे त्याला सगळ्यात जास्त दुखवतं ते करत, गुलाबी कागद बोटाला गुंडाळत. दोन गुलाब झाले की उठायचा. दारापर्यंत जायचा, यायचा, खुर्चीच्या पाठीला धरून हळू बसायचा. पुन्हा दोन गुलाब, पुन्हा दार.

"खुर्चीत खिळे आहेत का रे?" आलॉइस म्हणाला. "का क्लेमेन्सची गाडी येते का बघतोस? परवा यायचाय तो."

लोक हसले. देर्कही थोडा हसला आणि उठला. रीकने त्याचा गुलाब उसकटून त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

विलेमीन हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. ती आवाज न चढवता बोलली, पण गॅरेजात तेवढंच ऐकू आलं.

"सगळ्यांना कळलंय, देर्क. त्याला दोन दिवस कोणी विचारलं तर तुला बघवत नाही. एक आजारी माणूस, एकटा माणूस. बस खाली."

देर्क खुर्चीपाशी उभा होता. मला वाटलं तो नेहमीप्रमाणे "बरं" म्हणेल. तो म्हणाला, "बसता येत नाही."

"म्हणजे?"

"बसता येत नाही. दोन वर्षं झाली."

"तू म्हणालास अवघडलीये."

"हो."

"डॉक्टरला काय सांगितलंस मग?"

"चार."

"चार म्हणजे किती?" रीकने विचारलं. ते दहापैकी आहेत हे तिला माहीत नव्हतं. तिला समजावून सांगण्यात आलं. ती म्हणाली, चार तर माझे डोळ्यांत औषध घालताना होतात.

विलेमीन त्याच्याकडेच बघत होती. तिने विचारलं, "आणि तुझे बाबा किती होते?"

हे देर्कच्या वडिलांबद्दल. ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. गवताचे भारे बांधणाऱ्या यंत्रात त्यांचा हात गेला तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने ट्रॅक्टर घरी आणला, जेवढा हात उरला तेवढा अंगणातल्या पाण्याच्या पंपाखाली धुतला, आणि बायकोला सांगितलं की आज दूध काढायला जरा उशीर होईल.

देर्कने प्रामाणिकपणे विचार केला. "बाबा सात," तो म्हणाला. "साडेसात."

"आणि दहा?"

"दहा म्हणजे मेलेला माणूस."

हा आमच्या रांगेचा हिशेब. शाळेत मी स्वतः कोणाला दहापैकी आठाच्या वर मार्क दिलेले नाहीत, आणि ज्याला आठ मिळाले त्याचे आईबाप मला भेटून गेले की जास्त तर झाले नाहीत ना. आमच्याकडे कसं चाललंय विचारलं तर "जमतंय" म्हणतात, मग गोठा जळालेला असो की लॉटरी लागलेली असो. डॉक्टर फेरमात ज्या शहरातून आल्या तिथे चार म्हणजे चारच असतात. समोरच्या रांगेतला क्लेमेन्स दहा म्हणाला होता आणि त्याचे दहाही खोटे नव्हते. त्याला मोजायला असे वडील मिळाले नव्हते, इतकंच.

देर्क गॅरेजातून निघून गेला. विलेमीनने उरलेले गुलाब केले. रीकने त्यातला एकही उसकटला नाही, आणि ते सगळे वाईट होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलेमीन समोरच्या रिकाम्या घरी जायची नव्हतीच. तिने न्हाणीघराचं दार उघडलं. देर्क फरशीवर उताणा, एक पाय वर, मोजा अर्धा. ती तशीच बाहेर आली आणि दवाखान्यात फोन करून म्हणाली की आजच, आणि मीही येणार आहे. देर्कने तेव्हा फिल्मचं कबूल केलं, म्हणून जाताना तिने माझ्याकडून गाडीतली फिल्म घेतली. गाडीतले बूट कोणाचे होते ह्याचा खुलासा आलॉइसपर्यंत तेव्हा पोहोचला.

दवाखान्यात काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. विलेमीनने जास्त सांगितलं, देर्कने जास्त खरं.

बाईंनी परत आकडा विचारला. देर्कने परत चार म्हटलं. त्याला दुसरा आकडा खोटा वाटत होता. तेव्हा विलेमीनने सासऱ्यांची गोष्ट सांगितली, हातासकट. डॉक्टर फेरमातांनी कीबोर्ड बाजूला सारला. म्हणाल्या, आकडा राहू द्या, कालचा दिवस सांगा, डोळे उघडल्यापासून. देर्क कामाचं वर्णन करतो तसं त्याने ते सांगितलं, क्रमाने, काही न वगळता: कुशीवर वळून उठणं, फरशी, मोजे, गाडी, पंप, शिंका, विटा, टेबल, कागदी गुलाब. बाहेर वेटिंग रूम भरत गेली. मग त्यांनी त्याला पुढे वाकायला सांगितलं. तो अर्ध्यावर थांबला. मागे वाकायला सांगितलं; ते जमलं. पाय सरळ वर गेला, आधीसारखाच. पायाच्या अंगठ्यात जोर होता, गुडघ्यावर हातोडी बसली तशी तंगडी उडाली. दुखणं गुडघ्याच्या खाली कधी उतरतं का? कधीच नाही. वजन घटलंय का, ताप येतो का, लघवीला त्रास आहे का, हेही विचारलं. नाही. शेवटी फिल्म पाहिली, आणि त्या वाळलेल्या गादीवरच्या चिरेपाशी जरा थांबल्या.

मग समजावलं. गादी म्हणजे बाहेर चिवट धाग्यांचं कडं आणि आत लिबलिबीत गर. क्लेमेन्सचं कडं फुटलं आणि गर शिरेवर पडला, म्हणून त्याचा पाय किंचाळला. शरीर तो गर हळूहळू खाऊन टाकतं. बहुतेकांचं काही महिन्यांत बरं होतं. तुमचा गर बाहेर आलेला नाही, तो आतच सुकलाय, आणि कडं तडकलंय. त्या कड्याला स्वतःची जाणीव असते. बसलं, वाकलं, शिंकलं की गादीवर दाब येतो आणि कडं दुखतं. शिरेवर काही पडलेलं नाही म्हणून पाय गप्प आहे.

"पण ते वयाला साजेसं म्हणाले," देर्क म्हणाला.

"ते फोटोबद्दल म्हणाले. तुमच्या वयाच्या कित्येकांच्या पाठीत अशी चीर दिसते आणि त्यांना काही होत नाही. नुसत्या फोटोवरून मी काही सांगू शकले नसते. तुमचा कालचा दिवस आणि हा फोटो एकमेकांना जुळतात. म्हणून म्हणते, दुखतंय ते बहुतेक इथून."

"बहुतेक?"

"गादीतच सुई घालून, दाब देऊन, तेच दुखणं उठतं का ते बघायची एक तपासणी आहे. आम्ही सहसा करत नाही. त्रास जास्त, फायदा कमी."

"त्यात मी पास होईन," देर्क म्हणाला. विलेमीन म्हणते, तो विनंतीच करत होता.

ऑपरेशन नाही, कारण काढून टाकण्यासारखं बाहेर काही आलेलंच नाही. रस्त्याच्या कडेला लावायचे जड दगड हाताने उचलणं बंद, त्याला यंत्र लावा. पाठीची ताकद वाढवायचे व्यायाम, न कंटाळता, महिनोन्महिने. फार वेळ बसणं नाही, फार वेळ पडणंही नाही. पूर्ण जाईल असं वचन देत नाही; कमी होईल, आणि तुम्ही त्याच्यासोबत जगायला शिकाल.

देर्कने विचार केला. "म्हणजे क्लेमेन्सचं जाईल. माझं राहील."

"शक्य आहे."

"म्हणजे माझं मोठं."

"वेसेलिंक, ही शर्यत नाही," बाई म्हणाल्या. पण दोन वर्षांत तो पहिल्यांदाच नीट हसला, असं विलेमीन सांगते. हे सांगताना तिचे डोळे भरतात. तो हसला म्हणून की दोन वर्षं तिला कळलं नाही म्हणून, ते मी विचारलेलं नाही.

क्लेमेन्स ठरल्या दिवशी आला. टॅक्सीतून उतरला तो ताठ, गुलाबी, आणि आपली बॅग आपणच उचलून. त्याने कमान पाहिली, रडला, कमानीखालून दारात शिरला. रीकने टाळ्या वाजवायची खूण केल्यावर आम्ही वाजवल्या. मागच्या अंगणात टेबल मांडलेलं. त्याच्या रांगेने तीन प्रकारचे केक आणले होते, आमच्या रांगेने बिस्किटं. त्याने चिखलापासून सुरुवात केली. चिखलाचं तापमान, चिखलाचा वास. पण तीन आठवड्यांत रस्त्यावर बातमी दुसरीच झाली होती, आणि रीकने त्याचं बोलणं मध्येच तोडून देर्कला विचारलं की आज सकाळी उठताना कसं होतं.

"काय झालं देर्कला?" क्लेमेन्स म्हणाला.

त्याला सांगण्यात आलं. कडं तडकलंय. दोन वर्षं. कायमचं असू शकतं. एवढं होऊन तो रोज गुडघ्यांवर बसून रस्ते करत होता. आणि चार म्हणाला होता, चार, असं आलॉइसने दोनदा सांगितलं, जणू चार ह्या आकड्यावर त्याचाच हक्क होता.

"माझे दहा होते," क्लेमेन्स म्हणाला.

"ठाऊक आहे," देर्क म्हणाला. "आता कसं आहे?"

क्लेमेन्सने हातातला कप खाली ठेवला. "नवी फिल्म काढली निघताना. गर पार आटलाय. शोधावा लागतो म्हणाले."

त्याने हे ज्या चेहऱ्याने सांगितलं तो चेहरा मी गेले काही महिने कुंपणापलीकडे पाहत आलो होतो, फक्त दुसऱ्या माणसावर.

मग केक कापला आणि सगळे बसले. देर्क बसला नाही. तो आपली बशी घेऊन भिंतीपाशी खिडकीच्या रुंद कठड्याकडे गेला आणि तिथे उभ्याने खायला लागला. आता त्याला बस म्हणणारं कोणी नव्हतं, तेवढंही त्याला पुरलं असतं. पण विलेमीन टेबलावरून उठली. तिने आपली बशी आणि कप उचलला, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, कठड्यावर कप ठेवला आणि खाऊ लागली. त्याच्याकडे बघितलंही नाही. जणू ती नेहमी तिथेच खात होती. थोड्या वेळाने रीक काठी टेकत उठली; म्हणाली, बसून तिचंही अंग आंबतं. मग मी गेलो. आलॉइस गेला, कारण बोलणं तिकडे चाललं होतं. कठड्यापाशी दाटी झाली.

"अरे, बसा की," क्लेमेन्स टेबलाच्या टोकावरून म्हणाला. त्याच्यासमोर तीन केक आणि रिकाम्या खुर्च्या.

"तू बस," विलेमीन म्हणाली. "तुला येतं."

तो थोडा वेळ एकटा बसला. मग बशी घेऊन आमच्यापाशी आला, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाला की हल्ली त्यालाही फार वेळ बसवत नाही. कोणी विश्वास ठेवला नाही. देर्कने त्याला जागा करून दिली, पण फार नाही.